हसुरामची साक्ष

पडद्यावर आपलं नाव दिसलं आणि हिरामण घरत गाता गाता थांबला. रविवारची सकाळ होती. उलव्यात टाइल्सच्या एका दुकानावरचा भाड्याचा हॉल, त्यात साठ-सत्तर प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर, आजवर नुसते गाण्याचे शब्द उमटायचे तिथे खाली जाड अक्षरांत एक नवी ओळ : शब्द व चाल – हिरामण घरत. माणसं गात होती. 'दिवा नको मालवू, देवा, मी वाटेत आहे. गार वारा अंगी भरला, तरी गात आहे.' हे गाणं त्याने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! पण ती ओळ दिसली आणि त्याला वाटलं, कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. आणि तो हात गार होता. गाणं त्याच्यावाचून पुढे गेलं. छपरावरून एक विमान उतरणीला लागलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हिरामण हातातली खंजिरी मांडीवर ठेवून उगाच तिच्या झांजा मोजत बसून राहिला.

उपासना संपल्यावर यशराज, तिथला तरुण पाळक, घाईघाईने जवळ आला. "काका, बरं नाही का वाटत? पाणी आणू?"

"बरा आहे. ते नाव कुणी घातलं?"

"मीच. सरप्राइज होतं तुम्हाला. पुढच्या रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय ना. बर्फातल्या त्या घटनेला पन्नास वर्षं होतात. तुम्ही साक्ष द्यायची, आपण रेकॉर्ड करून टाकू. काय काका, जगभर जाईल."

जगभर जाईल. हिरामण मान डोलावून जिना उतरला. डाव्या पायाची तीन बोटं नसल्यामुळे उतरताना तो नेहमी कठडा धरायचा. आज कठडासुद्धा गार लागला. घरी सून नमिताने जेवायला वाढलं, मुलगा केतन मोबाइलवर कुणाशी तरी पाण्याच्या टाकीवरून भांडत होता. हिरामण जेवला, काय जेवला ते त्याला कळलं नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून तो बसला. खाली खाडीच्या बाजूला भराव टाकून सपाट केलेली जमीन उन्हात पांढरी दिसत होती, इतकी पांढरी की डोळे किलकिले करावे लागत. आणि डोळे किलकिले केले की ती जमीन मिठागर व्हायची, आणखी किलकिले केले की बर्फ.

मिठागर खरं तर त्याचंच होतं. म्हणजे बापाचं, म्हणजे बापाचंही नाही, बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबायचा. आता जिथे द्रोणागिरीची गोदामं आहेत आणि कंटेनर एकावर एक रचलेले असतात, तिथेच कुठेतरी हिरामण पायांना भेगा पडेपर्यंत बापामागून फावडं ओढत चालला होता. मीठ पायांना खातं. त्या भेगांना कंटाळूनच तो एकोणिसाव्या वर्षी भरतीला गेला, आणि रांगेत त्याच्या पुढे उभा होता बेलापूरच्या खाडीवरल्या दिवाळे गावचा हसुराम कोळी. छाती मोजताना हसुरामने श्वास असा काही भरून घेतला की हवालदार हसला. "काय रे, होडी ओढायला आलास का?" हसुराम म्हणाला, "व्हय साब, पन मोठी." त्या दिवसापासून दोघे खाटेला खाट लावून राहिले. पलटणीत बाकीचे घाटावरचे. त्यांना या दोघांचं बोलणं कळायचं नाही. हसुराम ताटातला भात चिवडत सुक्या जवळ्याची आठवण काढायचा. आणि गायचा. लग्न करून परत आला त्या वर्षी त्याने स्वतःच एक गाणं जुळवलं होतं. खाडीतून होडी परत आणताना, घराच्या पायरीवर बायकोने लावलेला दिवा दिसला की म्हणायचं गाणं.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना ठाऊक होती ती साक्ष. उत्तर सिक्कीमच्या उंचीवर गस्तीला गेलेले दोन जवान, हिमाचा लोंढा, बाकीच्यांपासून झालेली ताटातूट, एका झुकलेल्या कातळाखाली काढलेली दीड दिवसाची थंडी. आणि मग शुभ्र वस्त्रातला कुणीतरी त्या शुभ्र बर्फातून चालत आला. हसुराम उठून बसला, त्याने दोन्ही हात पुढे केले, 'तो आला' असं म्हणाला, हसला आणि गेला. आणि हिरामण वाचला, त्या देवाचं नाव गाण्यासाठी वाचला. पनवेल, उरण, पेण, कुठे कुठे त्याने ही साक्ष दिली होती! देवळामागच्या पारावर, शाळेच्या पडवीत, कधी नुसतं रस्त्याच्या कडेला, खंजिरी वाजवत. कुठे दगड पडले, कुठे दूध मिळालं. पोरगा ख्रिस्ती झाला म्हणून बापाने अकरा वर्षं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि बाराव्या वर्षी, मरताना, त्याच्याच हातून घेतलं. बायको गोजरा मात्र शेवटपर्यंत तिच्या देव्हाऱ्याशी राहिली. एका भिंतीवर तिची एकवीरा, समोरच्या भिंतीवर त्याचा क्रूस, आणि मधल्या चटईवर दोघांचा संसार. भांडण नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. एकदा सभेहून परतताना एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "तुमची साक्ष वरसागनिक लांबत चाललीय हां." तो चिडला होता. पहिल्या वर्षी त्या साक्षीत शुभ्र वस्त्रातला कुणी नव्हता, नुसता उजेड होता, हे गोजराला आठवत होतं.

आणि तीस-चाळीस गाणी झाली, त्यातली पाच-सहा लोकांच्या तोंडी बसली, खाडीकाठचं एकेक गाव त्याने पायांखाली घातलं, दिवाळं सोडून. सोबतचे विचारायचे, "दिवाळ्याला नको का जायला?" तो म्हणायचा, "तिथं ऐकणार नाहीत." खरं म्हणजे तिथे एक बाई त्याचं ऐकेल, याचीच त्याला भीती होती.

बाल्कनीत ऊन सरकलं. नमिता चहा घेऊन आली. "बाबा, रविवारी तुम्ही पांढरा कुर्ता घाला, व्हिडिओत चांगला दिसेल."

"नमिता, दिवाळ्याला कोणती बस जाते?"

"आता कशाला? मासळी हवीय का? मी ऑनलाइन मागवते ना."

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता निघाला. बसमधून खाडीपूल ओलांडताना पाणी ओहोटीला लागलेलं दिसलं, चिखल उन्हात शिशासारखा चमकत होता, त्यावर बगळे. बेलापूरला उतरून तो चालत गेला. उंच इमारती मागे पडल्या आणि एकदम गल्ल्या अरुंद झाल्या, ओल्या जाळ्यांचा वास आला, आणि त्याला वाटलं की आपण इथे येऊन गेलो आहोत. ती चिंचोळी वाट, उजव्या हाताची विहीर, निळ्या रंगाचं दार. हसुरामने त्याला बरॅकीत पडल्या पडल्या हे सगळं इतक्या वेळा दाखवलं होतं! विहिरीवर आता सिमेंटचं झाकण होतं आणि घर दुमजली झालं होतं. दार मात्र निळंच होतं. दाराबाहेर धक्क्याच्या उतारावर जाळ्याचे जुने तुकडे पसरून त्यांवर जवळा वाळत घातलेला, आणि एक म्हातारी हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. नाकात मोठी नथणी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने वर पाहिलं.

"कोन पायजे?"

"हसुराम कोळ्याचं घर…"

ती थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिली, डाव्या बुटाचा पुढचा भाग दुमडलेला होता तिकडे. मग म्हणाली, "हिऱ्या ना तू?"

पन्नास वर्षांत त्याला कुणी हिऱ्या म्हटलं नव्हतं.

"बस," हसुरामची बायको पुतळा म्हणाली. "उनात नको उबा राऊ. लय उशीर केलास."

तो पायरीवर बसला. त्याने मनात वाक्यं जुळवून आणली होती, ती आता एकेक करून पळू लागली. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पिता पिता त्याने सांगायला सुरुवात केली. आणि तोंडातून बाहेर पडली ती साक्षच. बर्फ, कातळ, उजेड, शुभ्र वस्त्रातला कुणीतरी. आवाजसुद्धा सभेतला लागला. हसुराम हसला, हात पुढे केले –

"खोटं," पुतळा म्हणाली. काठी आपटून तिने एक कावळा उडवला. "थंडीत तो कदी हसला नाय. थंडीत शिव्या घालायचा. पोरीच्या बारशाला आयला, पानी गरम नवतं, तर बारशाला शिव्या."

हिरामणने तांब्या खाली ठेवला. समोर जवळा पसरलेला, गुलाबी-पांढरा, त्याच्यावर ऊन. डोळे किलकिले केले की मीठ. आणखी किलकिले केले की –

"त्यानं शिव्या घातल्या," तो म्हणाला. "खूप घातल्या. मला." आणि मग ते आलं, पन्नास वर्षं तळाशी बसलेलं, चिखलातून होडीचा नांगर ओढावा तसं जड आणि आवाज न करता. दोघे कातळाखाली एकमेकांना बिलगून बसले होते. झोपला तो मेला, हे दोघांना शिकवलेलं होतं. पण अजिबात न झोपता माणूस टिकत नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की पाळीपाळीने डुलकी घ्यायची. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने हसुरामचं गाणं वीस वेळा म्हणायचं आणि विसावं झालं की थोबाडीत मारून पहिल्याला उठवायचं. मोजायला दुसरं काहीच नव्हतं. वर सूर्य नव्हता, नुसतं पांढरं होतं. हसुरामने आपल्या सगळ्या पाळ्या केल्या. प्रत्येक वेळी विसाव्या गाण्याला त्याने हिरामणच्या मुस्काटात मारलं, शिवी घातली आणि म्हटलं, ऊठ हिऱ्या, आता तू गा. शेवटच्या खेपेला हिरामण गायला लागला. एक झालं, दोन झालं. पाच झालं. अंगात कुठूनशी ऊब यायला लागली. समोरचा बर्फ मिठाच्या राशींसारखा दिसायला लागला, बाप फावडं घेऊन उभा, आणि ऊन, उरणचं मऊ ऊन. अकरावं गाणं सुरू केल्याचं त्याला आठवत होतं. बारावं आठवत नव्हतं.

"जाग आली तेव्हा आभाळ साफ झालं होतं," तो म्हणाला. "शोधायला आलेले लोक खालून हाका मारत होते. मला जाग आली, त्याला आली नाही. माझी पाळी होती. मी झोपलो."

पुतळा जवळा हाताने सारखा करत राहिली. धक्क्याला एक होडी लागली, दोन बाया टोपल्या घेऊन उतरल्या, त्यांनी जाता जाता तिला काहीतरी विचारलं, तिने हातानेच 'मागनं' म्हणून सांगितलं. हिरामणला वाटलं, ही आता काठी उचलेल. उचलावी, असं त्याला वाटलं.

"पलटनीचं पत्र आयलं तवा त्यात होतं, तो बर्फात हरवला," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मना वाटलं एकटाच हरवला. कुटं तरी एकटाच पडून मेला. पन्नास वरसं मी त्याला एकटाच बगतंय. तू बाजूला होतास?"

"होतो."

"अंगाला अंग लावून?"

"एकाच कोटात हात होते आमचे."

तिने पदराने तोंड पुसलं, नुसतं तोंड, डोळे नाही. मग एकदम तिचा स्वर चढला. "मंग सांगाया काय झालं होतं तुला? तीस वरसं झाली त्याला. बेलापूरला मैदानात तुमच्या लोकांचा नाताळचा कारेक्रम होता. भोंग्यावर गानं लागलं. हातातली टोपली खाली ठेवली मी. त्याचं गानं! 'दिवा नको इझवू गो, मी वाटंन हाय.' 'गो' काडून तुमी 'देवा' घातलाव, पन चाल त्याचीच. तिथं जाऊन इचारलं, कुनाचं गानं? तर बोलले, हिरामन घरतचं, पायाची तीन बोटं नाय तो. त्याच्या पत्रात सगलीकडं हिऱ्याच असायचा. मना बरं वाटलं. चला, हिऱ्या जित्ता हाय. आज येल, उद्या येल. काय तरी सांगल. नाताळ आला का मी वाट बगायची, मी! कोलीन बाई!" तिने काठी जमिनीवर आडवी ठेवली. "गानं नेलंस त्याचं दुख नाय. आयला नाय, याचं हाय."

क्षमा मागायचे शब्द हिरामणला पाठ होते, इतरांना त्याने ते शिकवले होते, पण ते तिच्यासमोर काढावेत असं वाटेना. तो उठला तेव्हा तिने त्याला थांबवलंही नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. कागदात मूठभर सुका जवळा बांधून तिने पायरीवर ठेवला आणि पुन्हा कावळ्यांकडे वळली. तो पुडा घेऊन तो गल्लीतून परत आला. बसमध्ये शेजारच्या माणसाने वासाने तोंड फिरवलं, तेव्हा त्याला समजलं की आपण तो छातीशी धरून बसलो आहोत.

रविवारपर्यंतचे दिवस पाण्याखालून चालल्यासारखे गेले. केतन काहीतरी विचारायचा, ते उशिरा ऐकू यायचं. सत्काराच्या दिवशी हिरामणने पांढरा कुर्ता घातला, नमिताचं मन मोडायचं कशाला म्हणून. हॉल भरला होता. यशराजने शाल घातली, कॅमेऱ्याकडे बघून बोलला, आणि हिरामणच्या हातात माइक दिला.

"मी आजवर जी साक्ष दिली ती खोटी होती," हिरामण म्हणाला. सभेतला आवाज लागला नाही. मिठागरातल्या पोराचा, थोडा बसका आवाज लागला. त्याने कातळाचं सांगितलं, वीस गाण्यांचं सांगितलं, अकराव्याचं सांगितलं. हे गाणं दिवाळ्याच्या हसुराम कोळ्याने बायकोसाठी केलं होतं, तेही सांगितलं. खुर्च्या करकरल्या. यापुढचं त्याने पुतळालाही सांगितलं नव्हतं. "शुभ्र वस्त्रातला कुणी मला तिथं भेटला नाही. तो भेटला इस्पितळात. पायाची बोटं कापली होती. पट्ट्या बदलायला येणाऱ्या सालोमीबाईंनी एक लहानसा नवा करार दिला. मराठीत दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून वाचला. त्यात प्रभूला धरून नेलं त्या रात्रीचं, बागेतलं आलं. त्याचा जीव घाबरा झालाय, तो मित्रांना म्हणतो, माझ्यासाठी जागे राहा, आणि येऊन बघतो तर ते झोपलेले. मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता हा यांना हाकलून देणार. दोन दिवस मी ते पुस्तक उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं. त्यानं हाकललं नव्हतं. पुढं त्याच लोकांना त्यानं कामाला लावलं. मी एवढ्यासाठी त्याच्या मागं गेलो. उजेडाबिजेडासाठी नाही. पण हे सांगायचं तर आधी मी झोपलो होतो, हे सांगावं लागलं असतं."

तो खाली बसला. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. छपरावरून विमान गेलं. मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडत होती. कशासाठी ते कळत नव्हतं. यशराज नंतर त्याला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "काका, हे रेकॉर्डिंग मी टाकू शकत नाही. लोक विचारतील, मग बाकीचंही खोटं का?"

"विचारू दे. आहे तेवढं सांग."

"काका, पण तुम्ही हे आधी मला तरी…" यशराजचे डोळे भरून आले होते. लहानपणी त्याने हीच साक्ष ऐकून पाळक व्हायचं ठरवलं होतं, हे हिरामणला ठाऊक होतं. त्याने यशराजच्या खांद्यावर हात ठेवला. कठडा धरून तो एकेक पायरी उतरला.

मंगळवारी दुपारी तो पुन्हा दिवाळ्याला गेला. आज भरती होती, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलेलं, बांधलेल्या होड्या एकमेकींना अंग घासत होत्या. पुतळा पडवीच्या सावलीत बसून, वाळत टाकायला जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या लावत होती. त्याने तिला रविवारचं सगळं सांगितलं, ते उठून गेलेलं कुटुंब, यशराजचे डोळे, बागेतलं. तिने मध्येच हात थांबवले नाहीत.

"तुज्या देवाचं मना काय कलत नाय," ती म्हणाली. "पन झोपलेल्यांना त्यानं ठेवून घेतलं, ते बरं केलं." मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "डोले बग कसे झालेत तुजे. झोपतोस का नाय?"

हिरामण ओशाळून हसला. डोळे मिटले की आतून कुणीतरी मोजायला लागतं, हे त्याने गोजरालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. अकरापर्यंत येऊन मोजणी थांबते आणि तो दचकून उठून बसतो, पन्नास वर्षं.

पुतळाने आतून चटई आणून पडवीत टाकली, उशीला एक जुनं लुगडं गुंडाळून ठेवलं. "पड थोडा."

"नको, मी निघतोच. बस –"

"पड बोल्ले ना. मी हाय जागी."

तो आडवा झाला. लुगड्याला खारट वास होता. भिंतीपलीकडे पाणी हलत होतं, कुठेतरी इंजिन सुरू होऊन बंद पडलं. पुतळा बोंबलांच्या जोड्या लावत होती, आणि लावता लावता, कुणासाठी नाही अशा आवाजात, तिने जुनं गाणं म्हणायला घेतलं, 'गो' सकट. हिरामणने सवयीने मोजायला सुरुवात केली. एक झालं. दोन झालं. तिसऱ्याला मोजायचं राहून गेलं, आणि भर दुपारी, तोंड उघडं टाकून, तो गाढ झोपला.